कप्तान रेवाचं हेल्मेट

खंडेनवमीच्या सकाळी सव्वासात वाजता इंदूकाकूंनी कप्तान रेवाचं हेल्मेट ओल्या फडक्याने पुसलं, कोरडं केलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

मी पोचलो तेव्हा आठ वाजायला आले होते. काकूंचा मुलगा धैर्यशील जिन्याच्या पायरीवर बसला होता. अंगात बनियन, एका पायात चप्पल. मी येणार हे त्याला माहीत होतं, तरी पत्ता चुकून आलेल्या माणसाकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"पुसलं."

"काय पुसलं?"

"आईनं. खूण पुसली."

मी बूट काढले आणि त्याला ओलांडून वर गेलो. वरची खोली म्हणजे धैर्यशीलचं संग्रहालय. घरात तो शब्द कुणी वापरत नसे, काकू तिला 'भंगारखोली' म्हणायच्या. त्या दिवशी भंगारखोलीतल्या एकूणएक वस्तूवर हळदकुंकू होतं. यंत्रमानवाच्या पत्र्याच्या छातीवर होतं. किरणबंदुकीच्या नळीवर होतं. यानाच्या नियंत्रणफळीवर जुन्या रेडिओची बटणं बसवलेली होती, तिथे प्रत्येक बटणावर एकेक टिकली होती. आणि मधल्या लाकडी खांबावर हेल्मेट होतं. त्याचं फायबर वर्षानुवर्षांत जुन्या दातासारखं पिवळं पडलं होतं. फक्त डाव्या बाजूला, कानाच्या वर, रुपयाच्या नाण्याएवढी जागा पांढरी स्वच्छ दिसत होती. काल संध्याकाळपर्यंत तिथे तपकिरी पडलेला लाल डाग होता. मी तो स्वतः पाहिला होता.

ही २००८ सालची गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात एका दैनिकात वार्ताहर होतो. दसऱ्याला छापखान्याला सुट्टी, म्हणून नवमीचा मजकूर दुपारी चारच्या आत द्यायचा असे. त्या दिवशी मी देणार होतो तो मजकूर एका भेटीचा होता. अकरा वाजता पुण्याहून नलिनी कर्णिक येणार होत्या.

आमच्या वयाच्या लोकांना हे नाव सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. आम्ही नववीत असताना 'नभोदुर्ग' नावाची मराठी मालिका रविवारी सकाळी लागायची. पृथ्वीभोवती फिरणारा एक किल्ला, त्यावर सात माणसं, आणि त्यांची कप्तान एक बाई. कप्तान रेवा. तिचं काम नलिनीबाईंनी केलं होतं. सगळं चित्रण कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत झालं. पैसा जेमतेम असणार, कारण किरणबंदूक म्हणजे केस वाळवायच्या यंत्राला लावलेला सायकलचा पंप होता, आणि परग्रहावरचं धुकं म्हणजे उदबत्त्यांचा धूर. आम्हाला ते काही दिसत नव्हतं. मी आणि धैर्यशील खोक्यांची हेल्मेटं घालून शाळेच्या गच्चीवर जायचो. मी पुढे ते सोडलं. त्याने सोडलं नाही.

मालिकेच्या टेपांवर पुढे दुसरंच काहीतरी चित्रित झालं. आज तिचा एकही भाग कुठे बघायला मिळत नाही. राहिल्या त्या वस्तू. त्या धैर्यशीलने बारा वर्षं फिरून गोळा केल्या होत्या. उद्यमनगरात घराच्याच खालच्या भागात त्याचं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, ते दुपारी बंद करून तो स्कूटरवर निघायचा. यंत्रमानव त्याला इचलकरंजीच्या एका मंगल कार्यालयात सापडला, पोटात पाण्याचा पिंप ठेवलेला. परग्रहवासीयाचा मुखवटा एका तरुण मंडळाकडे होता, त्यांनी त्याला शिंगं लावून महिषासुर केलं होतं. आणि हेल्मेट सांगलीच्या एका ड्रेसवाल्याकडे, शाळांच्या गॅदरिंगसाठी भाड्याने जाणाऱ्या कपड्यांत, एका परीच्या पंखांखाली.

पण हेल्मेटाचा एक घोळ होता. मालिका गाजली त्या वर्षी मंडळांनी त्याच साच्यातून हेल्मेटं काढून घेतली होती. गणपतीत निम्म्या गावात अंतराळवीर उभे होते. एका देखाव्यात तर दोन अंतराळवीर बाप्पाच्या दोन्ही बाजूंना चवऱ्या ढाळत होते. मग सांगलीत सापडलेलं हे खरं, की मंडळाचं?

धैर्यशीलकडे त्याचं उत्तर होतं. त्या काळच्या एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कप्तान रेवाचा रंगीत फोटो होता. त्यात हेल्मेटच्या डाव्या बाजूला पुसट लाल डाग दिसत होता. तसाच डाग, त्याच जागी, ह्या हेल्मेटवर होता. तो कुंकवाचा होता.

दुसरं उत्तर नलिनीबाईंच्या पुण्याच्या घरी होतं. त्यांच्याकडे कप्तानाचा मूळ सूट होता. सूटच्या गळ्याला ॲल्युमिनियमची गोल कडी होती. हेल्मेट तिच्यावर ठेवून पाव फेरा फिरवलं की टक्कन बसायचं. ती कडी कानशीने घासून त्या एकाच हेल्मेटला जुळवलेली होती. साच्यातून काढलेलं दुसरं कुठलंही हेल्मेट तिच्यावर अडायचं.

धैर्यशीलने त्यांना कितीदा फोन केले असतील देव जाणे. शेवटच्या फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "सूट घेऊन येते. पण गाडीतच ठेवणार. आधी मी डाव्या बाजूची खूण बघेन. पटली, तर डिकी उघडेन आणि सूट तुमचा. नाही पटली, तर चहाही नको."

आणि आता ती खूण काकूंच्या फडक्यावर होती.

मी खाली आलो. काकू स्वयंपाकघरात पुरणाची डाळ निवडत होत्या. धैर्यशील दारात उभा होता, एकदा ह्या चौकटीला टेकत, एकदा त्या.

"फडकं कुठाय?"

"धुतलं."

"धुतलं?"

"मग काय कळकट ठेवू? सणाचा दिवस हाय."

"आई, त्या खोलीतली धूळसुद्धा पुसायची न्हाई, हे तुला किती वेळा सांगितलंय?"

"धुळीवर कुंकू लावतं व्हय कुणी?" काकूंनी परात बाजूला ठेवली. "मी काय चोरी केली? हत्यारांची पूजा केली."

"ती हत्यारं न्हाईत!"

"मग काय हाईत?"

काकू माझ्याकडे वळल्या. "मुकुंदा, तूच सांग. सकाळी दुकानातली पूजा झाली. नटबोल्टाचे पाने झाले, पकडीचा वाइस झाला, ह्याच्या बापाची करवत झाली. मग म्हटलं, खालचं दुकान नुसतं पोटापाण्याचं. ह्याचं खरं काम वर हाय. आज एवढी मोठी बाई बघायला येतीया, पेपरवाला येतोय. आणि मी इतकी वर्षं त्याला भंगार म्हणतीया. म्हणून गेले वर. चुकलं का माझं?"

धैर्यशील वळला आणि जिना चढून गेला. वर त्याच्या पावलांचा आवाज येत राहिला. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"बारा वर्षांत एकदा पूजा केली," काकू म्हणाल्या, "आणि ह्याचं तोंड बघ."

मी पुन्हा वर गेलो तेव्हा तो खिडकीत बसला होता. पुढ्यात देवघरातला कुंकवाचा करंडा, एरंडेलाची बाटली, थोडी काजळी आणि तुटक्या फायबरचा एक तुकडा. तुकड्यावर चार-पाच लाल ठसे उमटवलेले. एक फार ताजा दिसत होता, एक फार काळा. चौथा मात्र जवळजवळ हुबेहूब होता.

"हे करणार आहेस तू?"

"माझ्याकडं मोजमाप हाय. फोटो काढून ठेवलाय जवळून, शेजारी पट्टी धरून." त्याने मला फोटो दाखवला. डाग मोठा झालेला, कडेला मिलिमीटरच्या रेघा. "रंग जमला की झालं."

"ती बाई ओळखेल."

"वीस वर्षांनी? कुंकू ते कुंकू."

"धैर्या, मग तू आणि ती साच्यातून काढणारी मंडळं, फरक काय राहिला?"

"फरक हा की माझं हेल्मेट खरं हाय!" तो उठला, पुन्हा बसला. "खोटं मी काय करतोय? खूण होती. तू बघितलीस. जी होती ती परत लावतोय. सूट एकदा हातात येऊ दे. कडी फिरली की प्रश्नच मिटला. एका मिनिटाचं काम हाय रे. त्या एका मिनिटासाठी ही खूण लागतीया, नंतर गेली तरी चालेल." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तू लिहिणारेस हे?"

"जे दिसेल ते लिहीन."

"मग खाली जाऊन बस. चहा घे."

मी गेलो नाही. तोही थांबला नाही. त्याने अंगठा तेलात बुडवला, मग कुंकवात, मग बोटाने थोडं निपटलं. हेल्मेटच्या त्या पांढऱ्या जागेपाशी अंगठा नेला आणि तिथेच धरून ठेवला. तो मागे घेऊन त्याने बनियनला पुसला, पुन्हा बुडवला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा अंगठा टेकणार एवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. अकराला बराच वेळ होता, पण त्या आल्या होत्या.

नलिनी कर्णिक ठेंगण्या होत्या. पडद्यावर त्या तशा कधी वाटल्या नव्हत्या. साठीच्या पुढे, आखूड कापलेले पांढरे केस, फिकट सुती साडी, हातात घड्याळ सोडून काही नाही. ड्रायव्हरला गाडी सावलीत लावायला सांगून त्या आत आल्या. सोबत पुण्याचा कोरडा, शुद्ध आवाज आला.

"लवकर आले. रस्ता मोकळा होता. तुम्ही इंगवले?"

"हो, मी धैर्यशील. ही माझी आई. आणि हा मुकुंद, पेपरमध्ये असतो."

"पत्रकार? मग तुम्ही जिन्यात सगळ्यांत मागे राहा." त्यांनी धैर्यशीलच्या हाताकडे पाहिलं. त्याचा अंगठा पुसूनही लालच होता. "पूजा चालली होती वाटतं."

"नवमी हाय ना," तो म्हणाला.

वर येताना त्या दोनदा थांबल्या. खोलीत आल्यावर मात्र हेल्मेटकडे थेट गेल्या नाहीत. भिंतीकडेने एकेक वस्तू बघत निघाल्या. किरणबंदूक उचलून त्यांनी घोडा दाबला आणि हसल्या.

"हिने मी रोज चित्रण संपल्यावर केस वाळवायचे. एकदा पंप काढायचा विसरले. गळ्यापर्यंत वंगण." यंत्रमानवाच्या छातीवर त्यांनी टिचकी मारली. "हा आत बसलेला मुलगा दर तासाला विडीसाठी बाहेर यायचा. डोक्यातून धूर निघायचा. एकदा दिग्दर्शक म्हणाला, वा, हे राहू द्या." मग सगळीकडच्या हळदकुंकवावरून त्यांची नजर फिरली. "हे कुणी लावलं?"

"मी," काकू दारातून म्हणाल्या. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"छान लावलंय."

धैर्यशील हेल्मेटच्या डाव्या बाजूला उभा होता, पाठ खांबाकडे करून. त्याच्या खांद्याआड ती पांढरी जागा होती. तो काहीतरी सांगायला लागला, सांगलीच्या ड्रेसवाल्याबद्दल, परीच्या पंखांबद्दल. वाक्यं पुरी होत नव्हती. नलिनीबाई ऐकत होत्या आणि एकेक पाऊल पुढे येत होत्या.

"बाजूला होता का जरा?"

तो हलला नाही.

"खूण न्हाई," काकू म्हणाल्या. "होती. मी पुसली. सकाळी. पूजेच्या आधी वस्तू पुसायची, म्हणून पुसली. मला काय माहीत, पूजेचंच कुंकू होतं ते म्हणून. पोराचा काही दोष न्हाई. त्यानं बारा वर्षं त्याला हात लावला न्हाई."

धैर्यशीलने डोळे मिटून घेतले. मग तो बाजूला झाला.

नलिनीबाईंनी ती जागा पाहिली. पर्समधून चष्मा काढला, लावला, पुन्हा पाहिली. खोलीत बसायला एकच खुर्ची होती, यानातली, कप्तानाची. त्या तिच्यावर बसल्या.

"पाणी घ्या," काकू म्हणाल्या.

त्यांनी तांब्या घेतला, पण मांडीवर तसाच धरून ठेवला.

"अनंत मेस्त्री," त्या म्हणाल्या. "तुमच्या यादीत हे नाव आहे का, इंगवले?"

"न्हाई."

"नसणार. श्रेयनामावलीत नव्हतं. तो बेळगावकडचा. हे सगळं त्याने केलं. हे हेल्मेट, ही खुर्ची, यान. मला त्या हेल्मेटात पाच मिनिटं श्वास घेता यायचा नाही, घाबरी व्हायचे. म्हणून पाठमोरी कप्तान, चालणारी, उडी मारणारी कप्तान, सगळा तोच. माझाच सूट घालायचा. आमची उंची सारखी होती." त्या धैर्यशीलकडे वळल्या. "तुम्ही लहानपणी ज्या कप्तानाला सलाम ठोकायचात ना, ती बऱ्याचदा अनंता होती."

धैर्यशीलचं तोंड उघडं राहिलं. माझंही राहिलं असणार.

"चित्रण चालू असताना खंडेनवमी आली. त्याने पटाशी, रंधा, करवत मांडून पूजा केली, आणि हेल्मेटही मांडलं. दिग्दर्शक चिडला. अंतराळात कुंकू कुठलं, पूस म्हणाला. अनंताने मान हलवली, आणि मला ऐकू जाईल इतपत म्हणाला, ह्याच्या आत तुमचा जीव असतो, ह्याला नको तर कुणाला लावू? आणि पुसलं नाही. तसंच चित्रण झालं."

"मग?" काकूंनी विचारलं.

"मग मालिका संपली. तो मस्कतला गेला, सुतारकामाला. दोन वर्षांत येतो म्हणाला. आला नाही. का आला नाही, आहे की नाही, काही कळलं नाही. मी बेळगावला जाऊन आले, त्यांनाही काही माहीत नव्हतं." त्यांचा आवाज मघासारखाच कोरडा होता. "त्याचा माझ्याकडे एकही फोटो नाही. जे आहेत त्यांत तो पाठमोरा आहे आणि डोक्यावर हेल्मेट आहे. म्हणजे त्या फोटोंत मी आहे. हे कुंकू त्याने अंगठ्याने लावलं होतं. अंगठा उठला होता त्यात. मला तो बघायचा होता. बाकी खरं-खोटं मला काय करायचंय?"

काकू मटकन खाली बसल्या, फरशीवरच. त्यांनी पदर तोंडाला लावला.

धैर्यशील टेबलापाशी गेला, खण उघडला, बंद केला, दुसरा उघडला. मग आठवलं तसा खिडकीतून तो फोटो उचलून आणला.

"हा बघा. मी जवळून घेतला होता. रेषा दिसतात ह्याच्यात. अंगठ्याच्या. बघा ना. गेलं न्हाई सगळं, फोटो हाय."

त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला. मी सवयीने त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि तिथे मला काहीही वाचता आलं नाही. एकदा त्यांनी फोटोवरून नजर काढून काकूंकडे पाहिलं. काकू पदरात तोंड घालून हुंदके देत होत्या. मग पुन्हा फोटोकडे.

"हा त्याचा अंगठा नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अनंताच्या उजव्या अंगठ्यावर पटाशीचा वार होता. आडवा, इथून इथे. ठसा मधोमध तुटायचा. हा सलग आहे."

"अहो पण ही रेघ हाय ना? ही पांढरी. मधोमध."

"तो रंगाला गेलेला तडा आहे."

"नीट बघा एकदा."

"मी नीट बघितलंय." त्यांनी फोटो त्याला परत दिला, उठल्या आणि काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. "उठा. तुम्ही पुसलं ते कुठल्यातरी मंडळाच्या पोराचं कुंकू होतं. माझं काही गेलेलं नाही. रडू नका."

"खरं सांगताय?" काकू म्हणाल्या.

"मी कशाला खोटं सांगू?"

धैर्यशील त्यांच्यामागे जिन्यावरून खाली धावला. मी त्याच्यामागे. गाडीपाशी त्याने डिकीवर हात ठेवला.

"बाई, सूट इथंच हाय ना? मी हेल्मेट खाली आणतो. एकदा कडीवर बसवून बघू. फिरली तर फिरली, अडली तर अडली. एका मिनिटाचं काम."

"खूण पटली तर डिकी उघडेन म्हटलं होतं. पटली नाही."

"पण कडी खोटं बोलणार न्हाई."

"नाही बोलणार," नलिनीबाई म्हणाल्या. "म्हणूनच नको."

हे त्या त्याला म्हणाल्या की स्वतःशी, ते मला तेव्हा समजलं नाही. धैर्यशीलला ते ऐकूही गेलं नसावं, तो डिकीच्या कुलपाकडे बघत होता. काकू तोवर करंडा घेऊन खाली आल्या होत्या. घरी आलेल्या बाईला नवमीच्या दिवशी तसंच पाठवायचं नाही म्हणून. नलिनीबाईंनी कपाळ पुढे केलं. कुंकू लावून घेतल्यावर त्यांनी काकूंचा हात धरून विचारलं, "दरवर्षी करता पूजा?"

"दुकानातली करते."

"वरचीही करत जा."

गाडी गेली.

चार वाजायच्या आत मी मजकूर दिला. 'नभोदुर्ग'मधील कप्तानाची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने कोल्हापुरातील संग्रहाला भेट दिली, संग्रहातील हेल्मेट मूळ असल्याला त्यांनी दुजोरा दिला नाही. आठ ओळी. अनंत मेस्त्रींचं नाव मी घातलं होतं. जागा कमी पडली म्हणून उपसंपादकाने शेवटच्या दोन ओळी कापल्या, त्यांत ते गेलं.

धैर्यशीलने पुढे तो फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. मी शेजारी होतो. मधोमध एक पांढरी रेघ आहे. हेल्मेटच्या रंगाला त्याच जागी तडा आहे, हेही खरं आहे, आता ती जागा पुसल्यावर तो स्पष्ट दिसतो. रेघ तड्याची असेल तर दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींना जुळायला हव्यात. वाराची असेल तर सरकलेल्या दिसतील. आम्हाला त्या कधी जुळल्यासारख्या वाटल्या, कधी नाही. गुन्हेवार्तांमुळे माझ्या ओळखीचे एक निवृत्त ठसेतज्ज्ञ होते. मी म्हटलं, त्यांना दाखवू, पाच मिनिटांत सांगतील. धैर्यशील म्हणाला, बघू. काकू दारात उभ्या होत्या. मी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या वर्षी नवमीला सकाळी घरातला फोन वाजला. काकूंनी उचलला. पलीकडून नलिनीबाईंनी विचारलं, "लावलं का?"

"लावलं."

"डाव्या बाजूला?"

"व्हय."

"बरं." फोन ठेवला.

मग दरवर्षी नवमीला तो फोन येत राहिला. बोलणं ह्यापलीकडे कधी गेलं नाही. मंडळाच्या हेल्मेटला कुंकू लावलं की नाही ह्याची चौकशी त्या का करत होत्या, हे काकूंनी त्यांना कधी विचारलं नाही. एकदा मीच काकूंना विचारलं. त्या पुरणाची डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मी विचारलं आणि तिनं खरं सांगितलं, तर?"

काकू गेल्या त्याला चार वर्षं होतील. त्या वर्षीही फोन आला, धैर्यशीलने उचलला. "लावलं का?" "लावलं." "डाव्या बाजूला?" "हो." तो म्हणतो, त्या दिवशी फोन ठेवायला त्यांनी थोडा वेळ घेतला.

यंदाच्या श्रावणात नलिनीबाई पुण्यात वारल्या. भाद्रपदात त्यांची भाची एक ट्रंक घेऊन कोल्हापूरला आली. आत मलमलीत गुंडाळलेला सूट होता, डांबराच्या गोळ्या होत्या. सोबत काही लिहिलेलं नव्हतं. "आत्या म्हणाली होती, आपल्यानंतर हे इंगवल्यांकडे पोचव," भाची म्हणाली. "कशासाठी, ते विचारलं तर म्हणाली, त्याची जोडी तिथे आहे."

"जोडी म्हणाल्या?" धैर्यशीलने विचारलं.

"असंच काहीतरी म्हणाली. औषधांच्या गुंगीत असायची शेवटी."

सूट त्याने लाकडी सांगाड्यावर चढवून हेल्मेटच्या शेजारी उभा केला. गळ्याची कडी चिंचेने घासून लख्ख केली. त्याच्या आयुष्यात त्याने स्वच्छ केलेली ती पहिली वस्तू.

"बसवून बघितलंस?" मी विचारलं.

"बघायचंय. नवमी होऊ दे."

नवमी झाली. काल मी गेलो होतो. हेल्मेटच्या डाव्या बाजूला कुंकू होतं, ताजं, अंगठ्याने लावलेलं. सूट शेजारी उभा होता. दोघांच्या मध्ये वीतभर जागा होती, आणि त्या जागेत झेंडूची एक पाकळी पडलेली होती.